किल्ली हातात, तर गाडी दारात

दिवाळीचे आकाशकंदील उतरतात, तुळशीचं लग्न लागतं आणि मग माळ्यावरच्या ट्रंकेतून गोधड्या, स्वेटर, मफलर एकेक करून खाली येतात. निफाडचा पारा किती घसरला ही बातमी सकाळच्या चहाबरोबर वाचायची, ‘काय बाई हा गारठा!’ म्हणायचं आणि आल्याचा आणखी एक तुकडा ठेचून आधणात टाकायचा. बाजारात हरभऱ्याची कोवळी भाजी, पावटा, तुरीच्या शेंगा, नवा गूळ. थंडीची सकाळ कुणाला नको असते?

पण मैत्रिणींनो, ही सकाळ आणखी एका माणसाच्या फार सोयीची असते. तो म्हणजे गाडी चोरणारा!

तुम्ही म्हणाल, महिलांच्या पानावर गाडीचोरीचा विषय कशाला? हा तर घरातल्या पुरुषमंडळींचा प्रांत. पण तसं आता राहिलेलं नाही, बघा. मुलांना शाळेत सोडणारी स्कूटर आपली, डेअरीवर दुधाची किटली घेऊन जाणारी मोपेड आपली. पुष्कळ घरांत मोटार बायकोच्या नावावर असते आणि पतसंस्थेच्या कर्जाच्या कागदावर सही तर आपली असतेच असते. म्हणजे गाडी गेली की हप्ता कसा भरायचा, हा प्रश्न थेट स्वयंपाकघरात येऊन बसतो. मग गाडी राखण्याचं शहाणपणही आपल्याकडे नको का?

थंडीच का सोयीची?

जरा आपल्याच गल्लीचा विचार करा. उन्हाळ्यात माणसं गच्चीवर, अंगणात झोपतात. पहाटे पाचला कुणी ना कुणी जागं असतं, ओट्यावर बसलेलं असतं. थंडीत सगळी दारं-खिडक्या बंद. डोक्यावरून गोधडी. बाहेर काही वाजलं तरी ‘असेल कुणीतरी’ म्हणून आपण कूस बदलतो. जानेवारीत पश्चिम महाराष्ट्रात सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, म्हणजे सकाळच्या शाळेची गडबड सुरू होते तेव्हा बाहेर धड उजाडलेलंही नसतं. नदीकाठच्या आणि उसाच्या पट्ट्यातल्या गावांत तर धुकं असं दाटतं की चार घरांपलीकडचं दिसत नाही.

आणखी एक गोष्ट. एरवी तोंडाला फडकं बांधून कुणी अनोळखी माणूस गल्लीत फिरला तर आपण दोनदा वळून बघतो. थंडीत सगळेच माकडटोपी आणि मफलरमध्ये! घरचा कोण आणि परका कोण, ओळखायचं कसं? आणि गाडी सुरू असल्याचा आवाज आला तर संशय येण्याऐवजी आपल्याला वाटतं, ‘शेजारचे काका गाडी गरम करत असतील.’

हे ‘गाडी गरम करणं’ हीच खरी मेख आहे. किल्ली लावायची, इंजिन सुरू करायचं आणि आपण घरात. कुणी चहा प्यायला, कुणी डबा घ्यायला, कुणी मुलाचा दुसरा मोजा शोधायला. दोन मिनिटं म्हणता म्हणता दहा होतात. चोराला कुलूप तोडावं लागत नाही, काच फोडावी लागत नाही. बसायचं आणि निघायचं. आपणच त्याला ताट वाढून ठेवलेलं असतं.

एका व्हॅनची गोष्ट

आमच्या महिला मंडळाकडे मदतीसाठी आलेल्या एका बाईची हकिकत सांगते. नाव-गाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. तिचा नवरा शाळेच्या मुलांची ने-आण करायचा. व्हॅन जुनीच, पण त्यावर घर चालायचं. डिसेंबरातली सकाळ. त्याने व्हॅन सुरू करून दारात उभी केली. आतून तिने हाक मारली, ‘अहो, चहा गार होतोय.’ तो आत आला, उभ्या-उभ्या कप तोंडाला लावला आणि बाहेर आवाज बदलला. धावत बाहेर येईपर्यंत व्हॅन कोपऱ्यावरून वळलेली.

व्हॅन सापडली नाही. पुढे जे झालं ते जास्त वाईट होतं. पैसे वाचवायला म्हणून विमा फक्त तिऱ्हाइताचा, ज्याला थर्ड पार्टी म्हणतात तेवढाच काढलेला. त्यात चोरीची भरपाई मिळत नाही. पतसंस्थेचे हप्ते मात्र चालूच. मुलांचे पालक दोन दिवस थांबले, तिसऱ्या दिवशी त्यांनी दुसरा गाडीवाला बघितला. आणि घरात सासूबाई येता-जाता म्हणायच्या, ‘तूच हाक मारलीस ना चहाला!’

चोरी केली चोराने, आणि बोल लागला कपभर चहाला! ती आमच्याकडे आली तेव्हा व्हॅन गेल्याचं बोलली नाही. ‘ताई, मी हाक मारली नसती तर?’ एवढंच विचारत राहिली. तिला शिवणाचं काम मिळवून दिलं, पतसंस्थेत जाऊन हप्त्यांची मुदत वाढवून घेतली. पण त्या प्रश्नाचं उत्तर देणं काही सोपं नव्हतं. हाक मारण्यात तिचं काहीच चुकलं नव्हतं. घरात कुणालाच माहीत नव्हतं की किल्ली लावलेली गाडी सोडून आत यायचं नसतं. माहितीच नसेल तर दोष एकटीच्या माथी का?

म्हणून हा लेखप्रपंच.

गाडी गरम करावी लागते का?

ही सवय आपल्याकडे आली ती जुन्या गाड्यांमुळे. पूर्वीच्या मोटारी आणि स्कूटर कार्ब्युरेटरवर चालायच्या. थंडीत चोक ओढा, किका मारा, रेस करत रहा, तेव्हा कुठे गाडी धड चालायची. आपल्या वडिलांनी, सासऱ्यांनी हेच केलं आणि पुढच्या पिढीने ते उचललं.

आता दिवस बदललेत. हल्लीच्या मोटारींत इंजिनला किती पेट्रोल द्यायचं हे गाडीतला छोटा संगणकच ठरवतो. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाल्यावर नव्या दुचाक्याही याच पद्धतीने येऊ लागल्या. अशा गाडीला आपल्याकडच्या थंडीत दहा मिनिटं उभं करून गरम करायची गरज नसते. सुरू केल्यावर अर्धा मिनिट पुरे. मग पहिली पाच-सात मिनिटं सावकाश, जोरात रेस न करता चालवायची. गाडी उभी राहून जेवढी गरम होते त्यापेक्षा चालताना लवकर होते. उभ्या गाडीत नुसतं इंधन जळतं.

डिझेलच्या गाडीत किल्ली फिरवल्यावर समोर स्प्रिंगसारखी वेटोळी खूण पेटते. ती विझेपर्यंत काही सेकंद थांबायचं आणि मग इंजिन सुरू करायचं. घरात जुनी चोकवाली मोटरसायकल असेल तर तिला मिनिट-दोन मिनिटं द्यावी लागतील, पण मग तिच्याजवळच उभं राहायचं.

काचेवर दव साचलं म्हणूनही लोक गाडी चालू ठेवून आत जातात. त्याला सोपा उपाय म्हणजे एक जुनं सुती पंचाचं फडकं. बाहेरची काच पुसून घ्यायची. आतून धुरकट झाली तर गाडीत बसून एसी आणि गरम हवेचं बटण लावायचं, हवेचा झोत काचेकडे वळवायचा. थोड्याच वेळात काच स्वच्छ होते. गरम पाणी मात्र गार काचेवर ओतू नका, तडा जाऊ शकतो.

आणि हो, बंद शेडमध्ये किंवा गॅरेजचं शटर लावून गाडी मुळीच सुरू ठेवू नका. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला ना रंग ना वास, पण तो जीव घेतो. चोरीपेक्षाही हा धोका मोठा.

कायदाही हेच सांगतो. मोटार वाहन कायदा, १९८८ मधलं १२६ वं कलम म्हणतं की, सार्वजनिक जागी गाडी उभी असेल तर चालकाच्या जागेवर परवाना असलेला माणूस तरी बसलेला हवा, नाहीतर इंजिन बंद करून ब्रेक तरी लावलेला हवा. म्हणजे रस्त्यावर गाडी चालू ठेवून आत जाणं हे नुसतं धोक्याचं नाही, ते नियमबाह्यही आहे.

या सात जागा सांभाळा

थंडीच्या दिवसांत किल्ली गाडीलाच राहते अशा जागा ठरलेल्या असतात. जरा आठवून बघा.

पहिली जागा आपलं स्वतःचं फाटक. गाडी बाहेर काढायची, चालू ठेवायची आणि उतरून फाटक लावायला मागे जायचं. पाठ वळलेली, दोन्ही हात कडीत गुंतलेले. त्यापेक्षा घरातल्या दुसऱ्या माणसाने फाटक लावावं. कुणी नसेल तर इंजिन बंद, किल्ली हातात, मग कडी.

दुसरी जागा दूध डेअरी. ‘किटली तर द्यायची आहे’ म्हणत स्कूटर चालूच ठेवली जाते.

तिसरी, शाळेचं फाटक. मुलाचं दप्तर द्यायला उतरतो, बाईंशी दोन शब्द बोलतो. मागच्या सीटवर धाकटं झोपलेलं असेल तर? गाडी चालू ठेवून लेकराला आत ठेवणं कुठल्याही परिस्थितीत नको. चोर गाडी नेतो तेव्हा मागे कोण झोपलंय हे तो बघत नाही. धाकट्याला कडेवर घ्या, कितीही कंटाळा आला तरी.

चौथी जागा देवळाची. कार्तिकातली काकड आरती, मार्गशीर्षातले गुरुवार, धनुर्मासातला पहाटेचा नैवेद्य. देवाच्या दारात कोण चोरी करणार, असा आपला भाबडा विश्वास. देव भक्ताकडे बघत असतो, चपलांकडे आणि गाड्यांकडे आपणच बघायचं!

पाचवी, मंगल कार्यालय. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्तांची रांग लागते. सकाळच्या मुहूर्ताला वऱ्हाड उतरवायची घाई असते. अनोळखी माणसांचीच गर्दी असल्याने कुणी कुणाची गाडी काढली, कुणाला कळत नाही. गाडीची किल्ली एकाच जबाबदार माणसाकडे ठेवा. ‘इथेच असेल कुणाकडे तरी’ हे उत्तर चालणार नाही.

सहावी, मैदान. सकाळी फिरायला जाताना ओझं नको म्हणून किल्ली स्कूटरच्या डिकीत किंवा सीटखाली ठेवणाऱ्या मैत्रिणी मी बघितल्या आहेत. स्वेटरला आतून एक छोटा खिसा शिवून घ्या. दहा मिनिटांचं काम.

सातवी, एसटी स्टँड. पहाटेच्या गाडीने पाहुणे येतात. बोजे उचलायला धावताना मोटार उघडीच राहते. पाहुणे दोन मिनिटं थांबले म्हणून रागावणार नाहीत.

छोट्या सवयी, मोठा उपयोग

किल्ली काढली की स्टिअरिंग थोडं फिरवा, ‘खट’ असा आवाज येईपर्यंत. ते कुलूप लागलं की चाक वळत नाही. स्कूटरला हँडल लॉक लावताना तेवढंच करून थांबू नका, पुढच्या चाकाला डिस्क लॉक किंवा जाड साखळी घाला. साखळी नुसती चाकात नको, जमलं तर खांबात किंवा फाटकाच्या गजात अडकवा. मोटारीला गिअर लॉक किंवा स्टिअरिंगवर आडवा दांडा बसवता येतो. हे दिसायला जुनाट वाटतं, पण चोराला घाई असते. वेळ लागणार असं दिसलं की तो पुढच्या गाडीकडे जातो.

बऱ्याच नव्या मोटारींत किल्लीतच एक चिप असते. ती ओळख पटल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही. याला इमोबिलायझर म्हणतात. फार चांगली सोय आहे, पण खरी किल्ली आपणच गाडीला लावून ठेवली तर तिचा उपयोग शून्य!

बटण दाबून सुरू होणाऱ्या गाडीच्या बाबतीत आणखी एक फसगत होते. किल्ली आपल्या खिशात आहे, म्हणजे गाडी सुरक्षित, असं वाटतं. पण एकदा सुरू झालेली अशी गाडी किल्ली लांब गेल्यावर फक्त सूचना देते, चालता-चालता बंद पडत नाही. ती तशी बंद पडली तर रस्त्यात अपघात होतील म्हणून ही रचना. म्हणजे चालू गाडी कुणी नेली तर इंजिन बंद करेपर्यंत तो जाऊ शकतो. तेव्हा गाडी कितीही नवी असली तरी उतरताना बटण दाबून बंद करायचीच.

घरातल्या किल्ल्यांचीही शिस्त लावा. दारालगतच्या खिळ्यावर, खिडकीच्या कट्ट्यावर, बाहेरून हात पोचेल अशा जागी किल्ल्या नकोत. दुसरी किल्ली गाडीच्या आत ‘असू दे अडीअडचणीला’ म्हणून ठेवू नका. ती कपाटात दागिन्यांच्या शेजारी ठेवा. जुनी गाडी विकत घेत असाल तर दोन्ही किल्ल्या मागून घ्या. त्याचं कारण पुढे येईल.

मूळ कागदपत्रंही गाडीत ठेवू नका. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी अॅपवरची कागदपत्रं पोलीस आणि आरटीओ ग्राह्य धरतात. मूळ आरसी बुक घरात. आणि एका वहीत गाडीचा नंबर, इंजिन नंबर, चेसिस नंबर आणि विम्याचा पॉलिसी नंबर लिहून ठेवा. गाडीचे फोटो मोबाइलमध्ये असू द्या. एखादा ओरखडा, पोचा असेल तर त्याचाही. ओळख पटवायला तोच उपयोगी पडतो.

हाय सिक्युरिटी नंबर प्लेटबद्दल पुष्कळ कुरकुर ऐकू येते. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना ती कंपनीकडूनच येते, जुन्या गाड्यांनाही ती बसवून घ्यावी लागते. तिच्यावर होलोग्राम असतो, लेझरने कोरलेला स्वतंत्र क्रमांक असतो आणि ती ज्या कड्यांनी बसवतात त्या एकदा तोडल्या की पुन्हा लागत नाहीत. चोरलेल्या गाडीला दुसरीच पाटी लावून फिरवणं त्यामुळे अवघड होतं. ही खर्चाची बाब असली तरी फायदा आपलाच आहे.

सातासमुद्रापारही तीच कथा

हे फक्त आपल्याच गावात होतं असं समजू नका. आता आपल्या कितीतरी जणींच्या लेकी-सुना अमेरिकेत, कॅनडात आहेत. तिथे शून्याच्या खाली वीस अंशांपर्यंत पारा उतरतो, गाडीवर बर्फ साचतो, त्यामुळे गाडी चालू ठेवून घरात जाण्याचा मोह तिकडे आपल्यापेक्षा कितीतरी मोठा. थंडीत धूर सोडत एकटीच उभी असलेली अशी गाडी चोरांना लांबूनच कळते. कोलोरॅडोत अशा गाडीला ‘पफर’ असं नावच पडलंय, आणि किल्ली लावून चालू गाडी बेवारस सोडली तर तिथे दंड होतो.

कॅनडातलं विनिपेग शहर एके काळी गाडीचोरीसाठी बदनाम होतं. तिथे २००७ पासून जास्त धोक्याच्या जुन्या गाड्यांना इमोबिलायझर बसवणं सक्तीचं केलं आणि चोऱ्या झपाट्याने खाली आल्या. म्हणजे ठरवलं तर चोरी थांबवता येते, तो काही नशिबाचा भाग नाही. व्हिडिओ कॉलवर लेकीला ‘स्वेटर घाल गं’ म्हणताना ‘गाडी चालू ठेवून आत येऊ नकोस’ हेही सांगायला हरकत नाही.

आणि तरीही गाडी गेलीच तर?

आधी एक सांगते. चोराच्या गाडीपुढे आडव्या जाऊ नका, दार धरून लोंबकळू नका. गाडी पुन्हा घेता येते, हातपाय पुन्हा येत नाहीत.

लगेच ११२ या नंबरवर फोन करा. पहिल्या अर्ध्या तासाला मोल आहे, कारण तेवढ्यात गाडी तालुक्याच्या हद्दीबाहेर गेलेली नसते. नंबर, रंग, कुठल्या दिशेने गेली आणि टाकीत साधारण किती पेट्रोल होतं, हे सांगा.

मोटारीला फास्टॅग असेल तर मोबाइलवर लक्ष ठेवा. चोर टोलनाक्यावरून गेला तर पैसे कापल्याचा संदेश तुमच्या फोनवर येतो, म्हणजे गाडी कुठून गेली ते कळतं. घाईघाईने फास्टॅग बंद करण्याआधी ही गोष्ट पोलिसांना सांगा आणि त्यांच्या सल्ल्यानेच पुढचं ठरवा.

मग पोलीस ठाण्यात जाऊन रीतसर गुन्हा नोंदवा. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू झालेत. आता गुन्हा आपल्या हद्दीतला नाही या कारणावरून पोलीस तक्रार नाकारू शकत नाहीत. इलेक्ट्रॉनिक मार्गानेही माहिती देता येते, फक्त तीन दिवसांच्या आत त्यावर जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत तक्रारदाराला मोफत मिळते, ती मागून घ्या. चोरीसाठी भारतीय न्याय संहितेत ३०३ वं कलम आहे. प्रवासी किंवा माल वाहून नेणाऱ्या वाहनाची चोरी मात्र ३०५ व्या कलमात येते आणि तिला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पोलीस ठाण्यात एकटीने जायची भीती वाटत असेल तर शेजारणीला, मंडळातल्या ताईला बरोबर घ्या. पण ‘मिस्टर गावाहून आले की बघू’ म्हणून थांबू नका.

त्याच दिवशी विमा कंपनीलाही फोन करा आणि लेखी कळवा. आरटीओला आणि कर्ज असेल तर बँकेलाही पत्र द्या. प्रत्येक पत्राची पोच घ्यायला विसरू नका.

विम्याची खरी गोष्ट

आता ती व्हॅनवालीची अडचण आठवा. विम्याच्या कागदावर नुसतं ‘थर्ड पार्टी’ लिहिलेलं असेल तर चोरीचे पैसे मिळत नाहीत. त्यासाठी स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमाही हवा. यात एक गोम आहे. सप्टेंबर २०१८ पासून नवी मोटार घेताना तीन वर्षांचा आणि नवी दुचाकी घेताना पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच काढावा लागतो. आपल्याला वाटतं, ‘चला, तीन वर्षांची चिंता मिटली.’ पण चोरीचा भाग बहुतेक वेळा एकाच वर्षाचा असतो आणि दुसऱ्या वर्षी तो नव्याने भरावा लागतो. आज संध्याकाळी पॉलिसी काढून बघाच. दोन वेगवेगळ्या तारखा दिसतील.

भरपाई मिळते ती गाडीच्या खरेदीच्या किमतीची नाही. पॉलिसीवर आयडीव्ही म्हणून एक रक्कम असते, ती दरवर्षी घटते. चार वर्षं पूर्ण होऊन पाचवं लागलं की ती मूळ किमतीच्या निम्म्यावर येते. सहा लाखांच्या गाडीचे तीन लाख. त्यातून आधी बँकेचं कर्ज फिटतं, उरलं तर आपलं.

दावा करताना कंपनी दोन्ही किल्ल्या मागते. एकच दिली तर दुसरी गाडीतच होती का, असा प्रश्न येतो. म्हणून त्या दुसऱ्या किल्लीला एवढं जपायचं. शिवाय तपास न लागल्याचा पोलिसांचा अहवाल लागतो, त्याला वेळ जातो. धीर धरा आणि पाठपुरावा सोडू नका.

किल्ली गाडीला राहिली होती, तर पैसे मिळतात का? अशाच एका ट्रकचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. चालक पत्ता विचारायला उतरला, किल्ली तशीच राहिली, ट्रक गेला. कंपनीने निष्काळजीपणा म्हणून दावा नाकारला. २०२३ साली न्यायालयाने विम्याच्या रकमेच्या ७५ टक्के रक्कम द्यायला सांगितलं. म्हणजे सगळंच जात नाही, हा दिलासा. पण चौथा हिस्सा गेला आणि कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या त्या वेगळ्याच. म्हणून सांगते, पोलिसांपुढे आणि कंपनीपुढे घडलं तसंच सांगा, किल्लीबद्दल खोटं बोलू नका. खोटं उघडं पडलं तर मिळणारंही जातं. २०२० मध्ये न्यायालयाने असंही स्पष्ट केलं, की एफआयआर लगेच केलेला असेल तर केवळ कंपनीला कळवायला उशीर झाला म्हणून खरा दावा फेटाळता येणार नाही. यावरून एफआयआर ताबडतोब करणं किती महत्त्वाचं, ते कळेल.

कंपनीने दाद दिली नाही तर आधी तिच्याच तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत, तक्रारीला पैसे पडत नाहीत आणि वकीलही लागत नाही. जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही मोकळा आहे.

हळदीकुंकवाला एक वेगळं वाण

आता संक्रांत येईल. हळदीकुंकवं सुरू होतील. तिळगूळ, हलव्याचे दागिने, वाण लुटणं हे तर होईलच. प्लास्टिकच्या डब्या आणि वाट्या आपण वर्षानुवर्षं लुटत आलो आहोत. यंदा एखादीने किल्ल्या अडकवायची छोटी लाकडी पट्टी, दुचाकीची साखळी किंवा निदान ११२ नंबर आणि पॉलिसीच्या तारखा लिहायला जागा असलेलं छोटं कार्ड वाण म्हणून दिलं तर? जमलेल्या बायकांशी पाच मिनिटं याच विषयावर बोललं तर? गल्लीतल्या चार घरांनी ठरवलं की सकाळी चालू गाडी एकटी दिसली तर मालकाला हाक मारायची, तर कुणाला राग येईल? उलट ‘बरं झालं वहिनी सांगितलंत’ असंच म्हणतील.

आपल्याकडे म्हण आहे, बैल गेला अन् झोपा केला. बैल गेल्यावर गोठ्याला दार लावून काय उपयोग? आजच्या घरांत बैलाच्या जागी गाडी आली एवढाच फरक. तीही कर्ज काढून, पोटाला चिमटा घेऊन घेतलेली. तिच्यावर कुणाची शाळा, कुणाची भाजी, कुणाचा दवाखाना अवलंबून असतो.

तेव्हा उद्या सकाळी चहाला हाक जरूर मारा. गरम चहा प्यायलाच हवा एवढ्या थंडीत! फक्त हाकेत दोन शब्द वाढवा. ‘अहो, चहा झालाय... आणि किल्ली घेऊन या!’